गच्चीवरचं ठिबक

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा

गुढी उतरवली, गाठी वाटल्या, आता टेकले. पतसंस्थेनं दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडून होती. हिशेबाची वही वेगळी आहे, पण तिच्यात मनातलं लिहायला रकाना नसतो. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही, म्हणून आजपासून लिहिते.

लेक वंदना परवा आली. सातवा लागला आहे. मागच्या वर्षीचं तिसऱ्या महिन्यातच गेलं, त्यामुळे ह्या खेपेला सोमेश्वररावांनी कामावर सुट्टी टाकून तिला स्वतः आणून सोडलं. निघताना दारात थांबून मला म्हणाले, "आई, आता तुमच्या हवाली."

इथल्या डॉक्टरीण बाईंनी रक्त कमी सांगितलं. गोळ्या दिल्या आणि पालेभाजी भरपूर खाऊ घाला म्हणाल्या. बाजारात ह्या दिवसांत येते ती भाजी उन्हानं मेलेली, कुठल्या पाण्यात धुतलेली देव जाणे. गच्चीवर फाल्गुनातच मी रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे आणि सिमेंटच्या गोण्या भरून पालक, तांदुळजा, चुका लावून ठेवलाय. एका माणसापुरती भाजी निघेल, जास्त नाही. पण नळाचा काही भरवसा नाही, आणि तांब्यानं घातलेलं पाणी निम्मं तळातून वाहून जातं. सकाळी ताठ असलेला पालक दुपारी लोळतो.

गुढीसमोर हात जोडून बोलले, रेणुकामाय, वंदना सुखरूप मोकळी होईस्तोवर पालेभाजी तोंडात घालणार नाही. कढीतली कोथिंबीरसुद्धा बाजूला काढीन. हे हसले. ह्यांना पालेभाजी म्हणजे बैलाचा चारा. म्हणाले, मी तर जन्मापासून नवसातच आहे मग.

१२ एप्रिल, शुक्रवार

काकासाहेब भावजी येऊन गेले. ह्यांचे धाकटे भाऊ, पिंपळगाव रेणुकाईकडची शेती तेच बघतात. शेतात जुनं ठिबक पडून असेल तर गच्चीपुरतं आणा, असं मी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी काळ्या नळीचं वेटोळं, पिशवीभर ड्रिपर आणि एक निळा ड्रम आणला. "खताच्या शेडातला हाय, वैनी. चांगला घासून घ्या," एवढं सांगितलं आणि चहा अर्धा टाकून गेले. डाळिंबाला पाणी सोडायचं होतं.

ड्रम जाड आहे, झाकणाचा. नवा घ्यायचा म्हटला असता तर महिन्याचा किराणा आला असता. राख आणि सोडा लावून बाहेरून लख्ख केला, तोंडही घासलं. तळाशी मात्र बोटभर जाडीचा थर बसलाय, जांभळट, दगडासारखा. वास नाकात बसतो. उलथन्यानं खरवडून पाहिला, पापुद्रा निघाला, बाकी हलेना. मग मनात आलं, खताच्या शेडातला ड्रम म्हणजे हे खतच असणार. शेतकरी पोत्यामागं किती मोजतो त्याला. देवीनं घरबसल्या दिलं ते खरवडून नालीत कशाला टाकायचं? पाण्यात आपोआप उतरेल, मुळाला मिळेल. तसंच ठेवलं.

बोटांची जरा आग झाली, खोबरेल लावलं. संध्याकाळी डोकं जड झालं होतं. ऊनच तसं आहे.

१४ एप्रिल, रविवार

ठिबक सुरू झालं.

ड्रम जिन्याच्या टपावर चढवायला शेजारची कडूबाई आली. गल्लीच्या टोकाला तिच्या शेळ्या असतात. अंगात दोन गड्यांची ताकद, आणि तोंड त्याहून मोठं. खालून ह्यांनी लोटला, वरून आम्ही दोघींनी ओढला. ड्रमच्या बुडाशी कॉक होताच, त्याला काळी नळी लावली. पाण्यात कचरा नको म्हणून आतून जुन्या पातळाची चिंधी बांधली. मग खिळा तापवून नळीला भोकं पाडली, दर कुंडीपाशी एक, आणि भोकात ड्रिपर दाबून बसवला. नळीचं शेवटचं टोक दुमडून तारेनं आवळलं. हे सगळं मी केलं. हे "चुकलं, चुकलं" म्हणायला होते.

कॉक सोडला तर आधी काहीच नाही. मग पहिल्या बादलीवर एक थेंब लोंबला, पडला. मग दुसऱ्या. शेवटच्या गोणीपर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचलं. कडूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "दैवशालाबाई, झाडाला सलाइन लावलं का वं?" वंदना इतकी हसली की पोट धरून बसली. ती आल्यापासून पहिल्यांदा हसली.

पक्ष्यांचं परळही नळीखालीच सरकवलं. त्यात दर खेपेला कोण पाणी ओतत बसणार? तुळशीला मात्र नळी लावली नाही. तिला देवाच्या तांब्यातलंच पाणी. नळीनं तुळशीला पाणी घालायचं म्हणजे हात जोडायच्या ऐवजी मान हलवल्यासारखं.

२० एप्रिल, शनिवार

असा पालक मी उभ्या जन्मात पाहिला नाही. पान तळहाताएवढं, काळंभोर, एकाही पानाला भोक नाही. मागल्या महिन्यात तांदुळज्यावर मावा होता, तो गेला. मुंग्यांची रांग कठड्यावरून कायम चालायची, तीही दिसत नाही. सगळ्या गच्चीत एकट्या तुळशीवर तेवढा मावा पडलाय. तिलाच का, कळत नाही. माझ्या हातून पूजेत काही चुकलं का?

गुरुवारपासून वंदनाला रोज देते. पालकाची पातळ भाजी, तांदुळजा परतून, चुक्याचं वरण. पहिल्या दिवशी म्हणाली, जरा कडवट लागतंय. मी म्हटलं, अगं उन्हाळ्याचा चुका कडवटच. मी चव बघू शकत नाही, मीठही अंदाजानंच पडतं. ती गुणाची पोर, खाते सगळं.

२३ एप्रिल, मंगळवार. चैत्री पौर्णिमा

वंदनाला काल दुपारपासून बरं नाही. जुलाब, मळमळ, अंगाला दरदरून घाम. तोंडात सारखं पाणी येतं म्हणते, उशी भिजली. रात्री मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. मोहरी तडतडली नाही आणि ठसका उठला नाही, म्हणजे दृष्ट भारी असणार. समोरच्या घरातली ती परवा तिच्या पोटाकडे टक लावून बघत होती.

आज फक्त पेज दिली. संध्याकाळी उठून बसली.

२७ एप्रिल, शनिवार. संकष्टी

परळाजवळ दोन चिमण्या पडल्या होत्या. पाय वर. कालही एक होती, ती मी कागदात गुंडाळून टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. पारा इतका चढलाय की पाखरं उडता-उडता पडतात, असं हेही म्हणाले. ह्यांच्या एसटीच्या काचेवर कालच एक आपटलं. बिचाऱ्यांना पाणी आहे म्हणून तरी गच्चीवर येतात, तिथं सावली नाही. परळावर गोणपाटाचा आडोसा केला.

वंदनाला दोन दिवस पुन्हा भाजी सुरू केली आहे. अशक्तपणा भरून यायला हवा. डावी पापणी सारखी लवते म्हणते. बाईमाणसाचा डावा डोळा लवणं शुभ. मी तिला म्हटलं, चांगली खबर आहे बघ. ती म्हणाली, आई, नुसती लवत नाही, दंडसुद्धा लवतात.

३ मे, शुक्रवार

बुधवारी पहाटे वंदनाला दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात मुरडा, आणि डोळ्यांपुढं अंधुक. भिंतीवरचं घड्याळ दिसेना. मला वाटलं कळा सुरू झाल्या. डॉक्टरीण बाईंनी सलाइन लावलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की घरात फवारणीचं औषध, उंदराचं औषध असं काही हिच्या हाताला लागलं का. मी म्हटलं, बाई, आमच्या घरी मच्छरांची अगरबत्तीसुद्धा नसते. शेत आहे ते गावाकडं, ही तिकडं फिरकलीसुद्धा नाही. खरं तेच सांगितलं. खताचं त्यांनी विचारलं नाही, आणि खत कुठं कुणाला बाधतं?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वंदना ठणठणीत. खिडकीशी बसून नवऱ्याशी फोनवर भांडत होती. बाई म्हणाल्या, ऊन लागलं असेल, पाणी जास्त द्या, आणि रक्त अजून कमीच आहे, पालेभाजी सोडू नका.

आज घरी आणली. येताना देवळापाशी रिक्षा थांबवून नारळ वाढवला. पाटा-वरवंटा सोडून सगळं घर गोमूत्रानं शिंपडलं. माझ्या घरातच काहीतरी आहे असं आता मला वाटतं. दवाखान्यात बरी होते, उंबरा ओलांडला की पडते.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया

पितरांचं पान वाढलं. पुरी, आमरस, कुरडई, आणि वंदनासाठी केलेली तांदुळज्याची भाजी. घास गच्चीवर ठेवला, तोच कावळा शिवला. सासूबाईंच्या वेळी तासभर वाट पाहायला लागायची. मन एकदम हलकं झालं. पितर समाधानी आहेत, आता वंदनाला काही होत नाही.

सायंकाळी कपडे काढायला गेले तर तो कावळा टाकीमागं पडलेला. चोच उघडी.

तोच कशावरून? कावळे काय एक आहेत का. खाली आल्यावर हात धुतले, पुन्हा धुतले. हे ड्यूटीवर होते. वंदनाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नाहीच.

१४ मे, मंगळवार

टँकर दोन दिवस आला नाही. ड्रम तळाला गेला, ठिबक बंद पडलं. वाकून बघितलं तर तो थर मऊ झालाय, शेण भिजावं तसा. इतके दिवस वरवरचंच खत उतरत होतं. आज टँकर आल्यावर बादल्या वाहून ड्रम भरला आणि काठीनं तळ चांगला ढवळून काढला. पाणी निळसर झालं. चिंधी दोनदा पिळून धुवावी लागली. कॉक सोडला तेव्हा थेंबालासुद्धा रंग होता.

खोटं कशाला लिहू, क्षणभर हात थांबला. वास फार उग्र आला. भावजींना फोन लावावा, विचारावं, हे नक्की कसलं खत. लावलाही. ते म्हणाले, वैनी, मी लग्नात हाय, बँडचा आवाज येऊन राह्यला, संध्याकाळी करतो. त्यांचा आला नाही, माझ्याही डोक्यातून गेलं.

वंदना आज बरी आहे. चार दिवस तिनं भाजी नको म्हटलं, पिठलं-भात खाल्ला. उद्यापासून ऐकणार नाही मी तिचं. नऊ महिने भरायचेत.

१७ मे, शुक्रवार

जालन्याला. आधी नेहमीच्या डॉक्टरीण बाईंनी पाहिलं आणि नाडी हातात धरूनच म्हणाल्या, गाडी करा, वेळ घालवू नका.

सकाळी पालकाची भाजी आणि भाकरी खाऊन उठली. भांडं उचलताना हात थरथरले, भांडं पडलं. मग घाम. मग तोंडातून लाळ गळू लागली, पुसून पुसून पदर ओला. छातीत घरघर. वाटेत मला म्हणाली, आई, बाळ हलत न्हाई. मी तिच्या पोटावर हात ठेवून सबंध रस्ताभर रेणुकेचं नाव घेत होते. हाताला काही लागत नव्हतं. जालना आल्यावर एकदा लागलं. का मीच लावून घेतलं, कुणास ठाऊक.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई फार बोलत नाहीत. यंत्र लावलंय. बाळाचे ठोके आहेत म्हणाल्या, पण हळू.

माझ्या नवसात काय कमी राहिलं?

१९ मे, रविवार

सोमेश्वरराव तिकडं वंदनाजवळ आहेत, मला दोन दिवसांसाठी घरी पाठवलं. वंदना शुद्धीवर आहे, बोलते, कालपासून घास खायला लागली. पुन्हा तेच. घराबाहेर गेली की बरी.

भाजी कुंडीत जून होऊन चालली होती, म्हणून काल पेंढीभर कापून कडूबाईच्या शेळीला दिली. वाया कशाला?

आज सकाळी कडूबाई दारात. नेहमीसारखी ओरडत आली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, गाभण शेळी होती, रात्री फेस आला, पाय ताठ झाले, संपली. दुसरीनं पेंढीला तोंड लावलं न्हाई, ती उभी हाय.

मी म्हटलं, कडूबाई, ह्या उन्हात जनावरं पटापट मरतात, त्यात तुझ्या शेळ्या कापसाच्या जिनिंगच्या मागं कचऱ्यात तोंड घालत फिरतात. माझ्या भाजीचं नाव कशाला घेतेस? माझी लेक तीच खाते.

ती म्हणाली, "तुम्ही खाता का?"

"माझा नवस आहे."

"मंग आज एक पान खा. माझ्यासमोर. मी जाते, पुन्हा शब्द काढत न्हाई."

"नवस मोडू? लेक दवाखान्यात आहे माझी."

कडूबाईनं पदर खोचला. तिच्या डोळ्यात पाणी होतं, राग नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. "तुम्हाला खायला भ्या वाटतं आन् लेकीला वाढता," एवढं म्हणून गेली.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. भ्या कुणाला वाटतंय? नवस काय असतो हे तिला कोणी सांगावं? एवढ्याशा शेळीपायी माणूस माणसाला काय बोलतं. दिवा लावताना मी देवीला म्हटलं, तूच बघ.

२० मे, सोमवार

आज गच्चीवर गेले. पालकाचं एक पान तोडलं. ओठापर्यंत नेलं.

इतकं सोपं होतं. एक पान. मग मला कळलं असतं आणि कडूबाईच्या तोंडावर सांगता आलं असतं. पण लगेच डोळ्यांपुढं वंदना आली, आणि ते यंत्र, आणि हळू पडणारे ठोके. आतापर्यंत ज्या धाग्यावर सगळं लटकलंय तो माझ्याच दातांनी तोडायचा? पान कुंडीत टाकलं.

सोमेश्वररावांचा फोन आला. डॉक्टर बाईंनी घरचं हलकं जेवण द्यायला हरकत नाही सांगितलंय, वंदनाला कँटीनचं जात नाही. हे उद्या जालन्याच्या गाडीवरच आहेत. हे वाहक असल्याचा पहिल्यांदा असा उपयोग. पहाटे उठून डबा करीन.

भाजी धुताना दोन पाणी जास्त धुतली. का, ते मला सांगता येणार नाही.

२१ मे, मंगळवार

डबा गेला. तांदुळज्याची भाजी, मुगाचं वरण, मऊ भात.

रात्री हे आले, डबा रिकामा. "खाल्लं का?" विचारलं तर म्हणाले, सगळं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

२२ मे, बुधवार. जालना

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. वंदनाचे कागद आणायची पिशवी उचलली त्यात ही डायरी आली. हात रिकामा ठेवला तर मी ओरडेन.

पहाटे सोमेश्वररावांचा फोन आला. आवाज ओळखू आला नाही. काल दुपारनंतर वंदनाचं पुन्हा तसंच झालं, ह्या खेपेला जास्त, आता काचेच्या खोलीत आहे, नळी घातली आहे. आणि म्हणाले, "काल आलेला डबा घेऊन या. डॉक्टर बाई म्हणतात, तो डबाच पाहिजे. लगेच या." मी काही विचारायच्या आत फोन ठेवला.

डबा तर मी रात्रीच राखेनं घासून पालथा घातला होता. उष्टा डबा कोण रात्रभर ठेवतं? आता तसा लख्ख, रिकामा डबा घेऊन जायचं का? रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात जाऊ नये, दवाखान्यात तर बिलकुल नाही. मी धावत गच्चीवर गेले, हाताला आली तेवढी भाजी तोडली, फोडणीला टाकली आणि डबा भरला. गाडीत मी डबा मांडीवर घेतला, तर ह्यांनी तो माझ्याकडून काढून घेतला आणि इंजिनाजवळ दूर ठेवला. मी म्हटलं, सांडेल. ते म्हणाले, सांडू दे.

डॉक्टर बाई आमची वाटच बघत होत्या. मी डबा पुढं केला आणि सांगितलं की कालचा घासला, ही आजची, पण त्याच कुंड्यांतली. त्यांनी झाकण काढलं. चव घेतली नाही. वाकून वास घेतला आणि झाकण पुन्हा घट्ट बसवलं. विचारलं, घरात ही भाजी कोण कोण खातं.

मी नवसाचं सांगितलं. हे खात नाहीत तेही सांगितलं.

"म्हणजे फक्त हिनंच?"

"तिच्यासाठीच लावली होती, बाई."

मग झाडांना काय घालता, विचारलं. मी ठिबकाचं सांगितलं, ड्रमचं, तळाच्या खताचं. कुठला रंग, विचारलं. जांभळट, म्हटलं. त्यांनी बाजूच्या सिस्टरकडं बघितलं, सिस्टरनं मान खाली घातली. मला वाटलं, माझ्या बोलण्यात काही चुकलं. मग बाई माझ्यासमोर खाली बसल्या, उकिडव्या, लहान पोराशी बोलावं तसं, आणि म्हणाल्या, "नीट आठवा. तुमच्या मुलीशिवाय ही भाजी कुणाच्या पोटात गेली? माणूस असो, कुणीही असो."

सोमेश्वरराव भिंतीला टेकून उभे होते. माझ्या हवाली केलेल्या बायकोच्या खोलीकडं पाठ करून ते फक्त माझ्याकडं बघत होते. हे बाकावर, तिकिटाचं यंत्र मांडीवर. मला कडूबाई दिसत होती, उंबऱ्यापाशी. तिचं नाव काढलं तर तिचं खरं होतं. तिचं खरं झालं तर मग गेला महिनाभर वंदनाला कुणी काय वाढलं, कुणी पोळीनं ताट पुसून खायला लावलं. आतल्या यंत्राचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात मध्ये फार वेळ जात होता.

"शेळीच्या," मी म्हणाले.

"काय झालं तिला?"

"मेली."

बाई उठल्या आणि धावत आत गेल्या. इंजेक्शनाचं नाव त्यांनी दारातूनच ओरडून सांगितलं. दोन सिस्टर त्यांच्या मागं पळाल्या. एकीनं माझा डबा पिशवीत घालून गाठ मारली आणि वर चिकटपट्टी लावून काहीतरी लिहिलं. सोमेश्वररावांना सही करायला नेलं. बाळाला आजच काढावं लागेल असं कोणीतरी बोललं, दोघांतलं आधी कोण, तेही बोललं, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी ऐकलं नाही.

आता बाकावर आम्ही दोघंच. दार बंद आहे, वर लाल दिवा आहे. मी देवीचं नाव घ्यायला तोंड उघडते आणि कोणता शब्द पहिला, तेच आठवत नाही.

हे आत्ता बोलले. माझ्याकडं न बघता, जिन्याच्या दिशेनं.

"काल अर्धी भाजी तिनं ठेवली होती. नको म्हणत होती. आईनं पहाटे उठून केलीये म्हणून मीच भरवली."